आवाजाची परीक्षा आणि रुग्णाची साक्ष

बोलणाऱ्या-गाणाऱ्या माणसाचे स्वरतंतू आरशाच्या साहाय्याने पाहण्याची रीत ज्याने प्रतिष्ठित केली तो मॅन्युएल गार्सिया वैद्य नव्हता. तो गायनशिक्षक होता. १८५४ साली त्याने स्वतःच्या घशात आरसा धरून आपल्याच स्वरतंतूंची हालचाल पाहिली आणि पुढील वर्षी ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. गार्सियाला जाणून घ्यावयाचे होते ते आवाज कसा घडतो हे. आरसा मात्र लवकरच वैद्यांच्या हाती गेला आणि आवाज कोठे बिघडतो हे पाहण्याचे ते साधन झाले. त्यानंतरच्या काळात ही परीक्षा घशात अधिकाधिक खोल जात राहिली आणि ज्याचा आवाज बिघडला तो माणूस परीक्षेच्या दाराबाहेर बसून राहिला. एका प्रश्नावलीच्या निमित्ताने त्याला रीतसर आत बोलावण्यात आले, त्याला जेमतेम तीन दशके होत आहेत. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या प्रश्नावलीचा आणि तिच्या जोडीला वापरल्या जाणाऱ्या श्रवणमापनाचा. दोहोंकडे वैद्यकीय उपकरण म्हणून न पाहता शब्दांनी बनलेली संहिता म्हणून पाहावे, अशी येथील भूमिका आहे. भाषाविभागाच्या पत्रिकेत या विषयाला जागा मागण्याचा आधारही तोच होय.

आवाजाच्या विकाराची तपासणी पाच अंगांनी व्हावी, अशी शिफारस युरोपीय स्वरयंत्रतज्ज्ञांच्या संस्थेने २००१ साली केली. परीक्षकाने कानाने ऐकणे, स्ट्रोबोस्कोपच्या प्रकाशात स्वरतंतूंची कंपने पाहणे, ध्वनीचे यांत्रिक मापन करणे, श्वासाच्या प्रवाहाचे मापन करणे आणि रुग्णाचे स्वतःचे मत नोंदविणे, अशी ही पाच अंगे. यांपैकी मधली तीन यंत्राधीन आहेत. त्यांच्या गुणदोषांचा विचार त्या शास्त्राच्या जाणकारांनी करावा. पहिले आणि शेवटचे अंग मात्र सर्वस्वी शब्दांवर उभे आहे. एकात परीक्षक आवाजाला विशेषण देतो. दुसऱ्यात रुग्ण आपल्या आयुष्याविषयीच्या काही विधानांना होकार-नकार देतो.

परीक्षकाच्या विशेषणांची सर्वांत प्रचलित पद्धत जपानमध्ये सिद्ध झाली आणि मिनोरू हिरानो यांच्या १९८१ सालच्या ग्रंथामुळे जगभर पसरली. जी-आर-बी-ए-एस या पाच अक्षरांनी ती ओळखली जाते. दोषाची एकूण मात्रा, खरखरीतपणा, श्वासमिश्रता, क्षीणता आणि ताण या पाच गोष्टींना परीक्षकाने शून्यापासून तीनपर्यंत गुण द्यावयाचे, एवढेच तिचे स्वरूप. तिचा साधेपणा हाच तिचा मोठा गुण. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका मिनिटात ती वापरता येते. अमेरिकेत २००२ साली पिट्सबर्ग येथील विचारविनिमयातून जी केप-व्ही पद्धत निघाली, तिने चार पायऱ्यांच्या जागी शंभर मिलिमीटरांची रेषा आणली आणि स्वराची उंची व मोठेपणा या दोन बाबींची भर घातली. मोजपट्टी बारीक झाली. मोजणारा कान तोच राहिला.

या कानाविषयी जॉडी क्रायमन आणि ब्रूस जेराट यांनी १९९३ पासून जे लिहिले आहे, ते समीक्षेच्या अभ्यासकाने अवश्य वाचावे असे आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ऐकणारा प्रत्येक आवाज आपल्या मनातील एखाद्या नमुन्याशी ताडून पाहतो. हा नमुना प्रत्येकाचा निराळा असतो आणि एकाच व्यक्तीच्या मनातही तो स्थिर राहत नाही. अत्यंत घोगरा आवाज आधी ऐकला असेल तर त्यानंतरचा मध्यम घोगरा आवाज बरा वाटतो. आवाज पूर्ण निर्दोष किंवा पूर्ण बिघडलेला असेल तेव्हा परीक्षकांत मतैक्य होते. मधल्या प्रदेशात, म्हणजे ज्या रुग्णांच्या बाबतीत निर्णयाची खरी गरज असते तेथेच, ते ढासळते. साहित्याच्या अभ्यासकाला हे ऐकून नवल वाटणार नाही. उत्तम आणि भिकार कवितेविषयी वाद होत नाहीत. वाद होतात ते मधल्या कवितेविषयी. फरक इतकाच की, समीक्षकाच्या मतभेदाने कोणाच्या घशावर शस्त्र चालत नाही.

परंतु कान चंचल आहे, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप नव्हे. सरावाने आणि नमुन्यांच्या ध्वनिमुद्रणांनी कानाला पुष्कळ शिस्त लावता येते. मुख्य आक्षेप असा की, या पाच विशेषणांच्या जाळ्यातून काही दुःखे संपूर्ण निसटतात. वयात येताना मुलाचे स्वरयंत्र वाढते, आवाज फुटतो आणि खाली उतरतो. ‘कंठ फुटला’ असे आपण म्हणतो. काही तरुणांच्या बाबतीत स्वरयंत्राची वाढ यथास्थित होऊनही आवाज उंचच राहतो. घशात पाहावे तर दोष दिसत नाही. आवाज खरखरीत नसतो आणि अनेकदा त्यात श्वासही मिसळलेला नसतो. पाचही रकान्यांत परीक्षकाने प्रामाणिकपणे शून्य लिहावे अशीच स्थिती, कारण या पाचांत स्वराच्या उंचीला जागाच नाही. इकडे तो तरुण दूरध्वनीवर ‘बाई’ म्हणून संबोधला जातो, मुलाखतीला जाण्याचे टाळतो, लग्न ठरण्याच्या वेळी मागे सरतो. त्याच्या आवाजाला आपल्याकडे ‘किनरा’ हा एक शब्द आहे आणि ‘बायकी’ हा दुसरा, अधिक बोचरा. यावर वाचोपचार बहुधा थोडक्या बैठकांतच गुणकारी ठरतो. परंतु त्यासाठी आधी कोणीतरी त्याचे म्हणणे तक्रार म्हणून नोंदवून घेतले पाहिजे.

रुग्णाची बाजू नोंदविण्यासाठी बार्बरा जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती व्हॉइस हँडिकॅप इंडेक्स या नावाने सर्वत्र परिचित आहे. तीत तीस विधाने आहेत. प्रत्येकापुढे ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पाच पायऱ्या आणि त्यांना शून्य ते चार गुण, म्हणजे एकूण एकशेवीस. तीस विधानांची वाटणी व्यवहार, शरीर आणि भावना अशा तीन गटांत दहा-दहा केलेली आहे. पुढे २००४ साली तिचा दहा विधानांचा संक्षेप निघाला. २००७ साली गायकांसाठी छत्तीस विधानांची वेगळी प्रश्नावली तयार झाली. जगातील अनेक भाषांत तिची रूपांतरे झाली असून, आज आवाजाच्या विकारावरील कोणताही उपचार यशस्वी ठरला की नाही हे सांगताना तिचे गुण उद्धृत करण्याचा प्रघात पडला आहे.

या प्रश्नावलीने मोठे काम केले यात शंका नाही. घरातल्या घरात हाक मारली तर ती ऐकू जाते का, दूरध्वनी वापरणे कमी झाले आहे का, चार माणसांत जाणे टाळले जाते का, आवाजामुळे मिळकत घटली का, हे प्रश्न आता ठरलेल्या कागदावर विचारले जाऊ लागले. तथापि, तिचे नावच एका कालबाह्य विचारव्यूहातून आलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली रोगाच्या परिणामांचे जे वर्गीकरण केले होते त्यात इंद्रियातील उणीव, कार्यातील असमर्थता आणि त्यांमुळे समाजात वाट्याला येणारी अडवणूक असे तीन टप्पे मानले होते. ‘हँडिकॅप’ हा त्यांतील तिसरा. २००१ साली संघटनेने ते वर्गीकरण बदलले आणि हा शब्दही सोडून दिला. प्रश्नावलीच्या माथ्यावर तो राहिला, आणि तिच्या पोटातही. आवाजामुळे आपण तसे झालो आहोत असे वाटते का, असे एका विधानात विचारलेले आहे. त्या शब्दासाठी मराठीत ‘अपंग’ योजावा, तर आवाज बसलेली शिक्षिका तत्काळ ‘कधीच नाही’वर खूण करील, कारण अपंग म्हणजे हातापायाने अधू, ही आपल्या बोलण्यातील अर्थाची मर्यादा आहे. ‘अडचण’ योजावा, तर बहुतेक सर्वजण होकार देतील. एकाच विधानाचे गुण भाषांतरकाराच्या एका शब्दाने शून्यावरून तीनावर जाऊ शकतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परीक्षकाचा कान आणि रुग्णाची प्रश्नावली यांचा मेळ बसतो का? तैवानमधील अभ्यासकांनी २००२ साली प्रश्नावलीचे गुण प्रयोगशाळेतील मापनांशी ताडून पाहिले, तेव्हा संबंध क्षीण आढळला. अमेरिकेत २००७ साली मायकेल कार्नेल आणि सहकाऱ्यांनी परीक्षकांच्या दोन पद्धती आणि रुग्णांच्या दोन पद्धती शेजारी मांडल्या. परीक्षकांच्या दोन पद्धती एकमेकींशी चांगल्या जुळल्या. परीक्षक आणि रुग्ण यांच्यात मात्र तसा मेळ दिसला नाही. या विषयावरील बऱ्याच लेखनात असा निष्कर्ष काहीशा खेदाने मांडलेला असतो, जणू काही मापनात कोठे तरी चूक राहिली असून अधिक चांगली प्रश्नावली केल्यास ती दूर होईल. प्रस्तुत लेखकाला हा खेद अस्थानी वाटतो. दोन साक्षीदार दोन निराळ्या घटनांविषयी बोलत असतील तर त्यांच्या साक्षी जुळू नयेत हेच योग्य. परीक्षक आवाज ऐकतो. रुग्ण आवाज वापरतो, आणि बोलावयास किती कष्ट पडले हे ऐकणाऱ्याला ऐकू येतेच असे नाही.

ही विसंगती दोन्ही दिशांनी असते आणि दोन्ही दिशांना तिची किंमत माणसाला मोजावी लागते. नेल्सन रॉय व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आयोवा आणि युटा या राज्यांत केलेली पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत शिक्षकांपैकी ११ टक्के व्यक्तींना पाहणीच्या वेळी आवाजाची तक्रार होती. शिक्षकेतरांत हे प्रमाण ६.२ टक्के होते. अशी एखादी शिक्षिका सकाळी विश्रांतीनंतर तपासणीला जाते. आवाज जवळजवळ स्वच्छ असतो, स्वरतंतूंवर गाठ नसते, आणि ‘काही नाही, जरा कमी बोला’ एवढा सल्ला मिळतो. सहाव्या तासिकेला तिच्या घशाचे काय होते हे त्या तपासणीत कोठेच आलेले नसते. बोलण्याच्या अतिरेकाने आवाज बिघडतो हे काही आधुनिक ज्ञान नव्हे. सुश्रुतसंहितेत स्वरभेदाचे सहा प्रकार सांगताना फार मोठ्याने बोलणे आणि अध्ययनातील पठण या दोहोंची गणना कारणांत केलेली आहे. उलट दिशेचे उदाहरण अधिक गंभीर आहे. तंबाखू किंवा विडी ओढणाऱ्या माणसाचा आवाज महिनोन्‌महिने घोगरा होत जातो. त्याची त्याला तक्रार नसते, कारण घोगरा आवाज पुरुषाला शोभतो अशी समजूत असते आणि शेतावर किंवा बाजारात त्याचे काही अडत नाही. प्रश्नावली भरून घेतली तर गुण अगदी कमी येतील. चार आठवड्यांत न सुधारलेल्या आवाजाच्या बिघाडात घशाची आतून पाहणी करावी, अशी अमेरिकेतील तज्ज्ञांची २०१८ सालची मार्गदर्शिका सांगते, आणि गंभीर कारणाची शंका असल्यास तेवढेही थांबू नये असे सांगते, ते अशाच माणसांसाठी. येथे रुग्णाच्या समाधानावर विसंबणे म्हणजे कर्करोगाला मुदत देणे होय. म्हणून कान खरा की प्रश्नावली खरी, हा वादच निरर्थक आहे. दोहोंत जेथे अंतर पडते तेथे परीक्षकाने थांबून चौकशी करावी. तीच रोगनिदानाची जागा आहे.

मराठीत ही प्रश्नावली योजावयाची झाली म्हणजे आणखी एक अडचण पुढे येते. तिचे तीन गट इंग्रजीत जितके वेगळे ठेवता येतात तितके मराठीत राहत नाहीत. ‘आवाज’ हा आपला मुख्य शब्द, पण तो माणसाच्या कंठध्वनीचा तसाच भांड्यांचा आणि फटाक्यांचाही आहे. आवाज बिघडलेला मराठी माणूस पुष्कळदा ‘घसा बसला’ असे सांगतो. या दोन शब्दांत ध्वनी गेला, घसा दुखतो, कोरडा पडतो, सर्दी झाली आहे, यांपैकी नेमके काय अभिप्रेत आहे ते पुन्हा विचारल्याखेरीज कळत नाही. गाणाऱ्याचा ‘गळा’ गोड असतो, ‘आवाज’ही गोड असतो, परंतु ‘घसा’ गोड असल्याचे ऐकिवात नाही. आवाज मोठा करावा लागतो का, या अर्थाने कोणी ‘आवाज चढवावा लागतो का’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला ते आपल्या रागीटपणाविषयी वाटेल. भीतीने ‘आवाज फुटत नाही’, दुःखाने ‘कंठ दाटून येतो’. ही रूपके आहेत असे व्याकरणात म्हणता येईल, परंतु रुग्णाच्या तोंडी ती एकाच वेळी शरीराची आणि मनाची वर्णने असतात. ‘बोलताना गळा दाटतो’ हे विधान शरीराच्या गटात घालावे की भावनेच्या? प्रश्नावलीला दोहोंपैकी एक निवडावे लागते; सांगणाऱ्याने तशी निवड केलेलीच नसते.

पाच पायऱ्यांच्या शब्दांतही असेच खड्डे आहेत. चौथ्या पायरीसाठी ‘बहुधा’ किंवा ‘बहुतेक’ हे शब्द सहज सुचतात; परंतु आजच्या बोलण्यात दोन्ही शब्द संभव दर्शवितात. ‘बहुधा थकवा येतो’ या वाक्यात थकवा पुष्कळ वेळा येतो की येत असावा, हे ठरविता येत नाही. ‘सहसा’ नकाराशिवाय अवघडतो. ‘बहुतेक वेळा’ असे स्पष्ट लिहिणे त्यातल्या त्यात बरे. प्रश्न किरकोळ दिसतो खरा; पण तीस विधानांपुढे तो तीस वेळा येतो.

ब्रिटनमध्ये २००३ साली सिद्ध झालेली व्हॉइस सिम्प्टम स्केल ही प्रश्नावली या दृष्टीने लक्षणीय आहे. तिची विधाने रुग्णांनी आपल्या मोकळ्या शब्दांत सांगितलेल्या तक्रारींतून निवडलेली आहेत. हा क्रम उलटा नसून सुलटा आहे असे आमचे मत आहे. मराठीतही आधी रुग्णांचे शब्द गोळा करावेत आणि मग विधाने बांधावीत. घोगरा, चिरका, किनरा, फाटका, बसका, पडका, भसाडा, खर्जातला, दबका ही आपली विशेषणे कोणत्या प्रदेशात, कोणत्या व्यवसायात, कोणत्या आवाजाला लावतात याची ध्वनिमुद्रणासह पाहणी करणे हे वैद्याचे एकट्याचे काम नव्हे. ते बोलीभाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. मुंबईच्या वांद्रे भागात वाचा-श्रवणदोषांची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. विद्यापीठांतील मराठी विभाग त्याच राज्यात आहेत.

ऐकणाऱ्याच्या मनातील नमुन्याविषयी वर जे म्हटले, त्याला आपल्या संगीताच्या इतिहासात उत्तम पुरावे आहेत. सवाई गंधर्वांचा आवाज वयात येताना फुटला आणि जड झाला. अब्दुल करीम खाँ यांच्या तालमीत त्यांनी तो मेहनतीने वळविला; बैठकीच्या आरंभी त्याला तापावयास वेळ लागे हे रसिकांना ठाऊक होते आणि ते वाट पाहत. त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांतील आवाज उंच आणि कोवळा आहे. घशाच्या विकारावरील उपचारानंतर तो खाली उतरला आणि पुरुषी भासू लागला. केप-व्हीच्या रेषेवर स्वराच्या उंचीपुढे परीक्षकाला मोठी खूण करावी लागली असती. महाराष्ट्रातील श्रोत्यांनी मात्र तोच आवाज अर्धशतकाहून अधिक काळ आदराने ऐकला. कुमार गंधर्वांचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. १९४७-४८ च्या सुमारास क्षयाने त्यांचे फुफ्फुस निकामी केले. देवासला काही वर्षे अंथरुणावर काढून ते पुन्हा गावयास बसले तेव्हा त्यांची तान आखूड, तुटक आणि झेपावणारी होती. एका दमात स्वर किती वेळ टिकतो हे आवाजाच्या मापनातील एक मान्य माप आहे. २००० साली बेल्जियममध्ये सिद्ध झालेल्या दोषनिर्देशांकाच्या चार घटकांपैकी तो एक आहे. त्या मापाला जी उणीव दिसली असती तिच्यातून त्यांनी गायकी घडविली. अर्थात या थोरांच्या उदाहरणांनी सामान्य रुग्णाला धीर देण्याचा मोह वैद्याने टाळावा. गंगूबाईंपुढे ऐकून घेणारी सभा होती; चौथीच्या वर्गातील पन्नास मुले तसे ऐकून घेत नाहीत. आवाजाचा दोष बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये ठरतो, एवढेच या उदाहरणांवरून म्हणावयाचे आहे.

शेवटी एका ध्वनिशास्त्रीय मुद्द्याचा विचार करणे अवश्य आहे. केप-व्ही पद्धतीत रुग्णाकडून सहा ठरावीक वाक्ये म्हणून घेतात. त्यांतील एक संपूर्ण घोष वर्णांचे, एक अनुनासिकांनी भरलेले, एक हकाराने सुरू होणाऱ्या शब्दांचे, अशी त्यांची योजना आहे. संपूर्ण घोष वाक्यात स्वरतंतू सतत कंप पावत असतात. त्यातून हवा निसटू लागली तर ती परीक्षकाला दोष म्हणून ऐकू यावी. मराठीत मात्र हवेचे निसटणे हा भाषेचाच एक नियम आहे. ‘बाग’ आणि ‘भाग’, ‘दार’ आणि ‘धार’ यांतील भेद त्यावरच उभा आहे. कंठविवर मिटले असता नाद, उघडले असता श्वास, आणि मधल्या स्थितीत दोन्ही मिळून हकार व घोष महाप्राण निघतात, हे प्रातिशाख्यकारांनी ओळखले होते, डब्ल्यू. एस. ॲलन यांनी १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांच्या या सूक्ष्मतेची दखल घेतली आहे. मराठीने तर अनुनासिक आणि अंतःस्थ वर्णांनाही महाप्राण दिला: म्हैस, न्हावी, कोल्हा, व्हावे. तेव्हा मराठी घोष वाक्य रचताना त्यात घ, झ, ढ, ध, भ येऊ देऊ नयेत, आणि अनुनासिक वाक्यातून म्ह, न्ह वगळावेत. लिहून दिलेल्या वाक्यात हे साधेल. मोकळ्या बोलण्याचा नमुना घेताना ते शक्य नाही, कारण ‘आम्ही’, ‘तुम्ही’ आणि ‘म्हणजे’ यांवाचून मराठी माणूस चार वाक्ये बोलत नाही, आणि यांतील महाप्राण बोलीबोलींत कमी-अधिक उच्चारला जातो. त्या भागाला श्वासमिश्रतेचे गुण देण्यापूर्वी रुग्ण कोणत्या गावचा आहे, हे परीक्षकाने विचारून घ्यावे.